कढईतले शिसे

भारतवारीहून परतताना आपल्या बॅगेत काय काय नसते! गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, हळद, आणि जुन्या साडीत गुंडाळलेली एखादी कढई. "तिकडे अशी जाड बुडाची मिळत नाही," म्हणून आई किंवा सासूबाई ती आग्रहाने देतात आणि बेलव्ह्यूच्या स्वयंपाकघरात तिला मानाची जागा मिळते. आज थोडे त्या कढईविषयीच लिहायचे आहे.

आपण राहतो त्या किंग काउंटीच्या घातक कचरा व्यवस्थापन कार्यक्रमातील संशोधकांनी २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वॉशिंग्टन राज्यात आलेल्या अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळत होते. कारण शोधताना त्यांनी या घरांतली अ‍ॅल्युमिनियमची भांडी तपासली. एका प्रेशर कुकरमधून तर लहान मुलांच्या मर्यादेच्या ६५० पट शिसे उतरले! स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांतून उतरणारे शिसे त्या मानाने फारच कमी होते.

"ती भांडी अफगाणिस्तानची, आपली नव्हेत," असे म्हणून सुटका होत नाही. २०२५ साली एफडीएने बाहेरून येणाऱ्या काही भांड्यांबद्दल इशारा दिला. त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेबरोबर आपल्या चांगल्या ओळखीच्या हिंडालियमचेही नाव आहे. अशी काही भांडी भंगार वितळवून बनवतात. त्या भंगारात वाहनांचे जुने भाग, बॅटऱ्या, काहीही असू शकते आणि त्यातले शिसे भांड्यात येते. वॉशिंग्टन राज्याने तर २०२४ मध्ये भांड्यांतील शिशावर मर्यादा घालणारा कायदाच केला.

कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. जीभ लगेच सांगायची आणि ताक फेकले जायचे. शिशाचे तसे नाही. त्याने आमटी कळकत नाही, रंग बदलत नाही, वास येत नाही. चिंच, टोमॅटो, कोकम अशा आंबट पदार्थांत ते अधिक उतरते, आणि आमटी रात्रभर त्याच भांड्यात राहिली तर आणखी. वरणभात आपण कुकरमध्ये स्टीलच्या डब्यांत लावतो, ती सवय उत्तमच. पण उसळ किंवा सांबार थेट कुकरात शिजते, तिथे सांभाळायला हवे.

पोटात गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा मुलांच्या अंगात कितीतरी जास्त प्रमाणात शोषले जाते. त्याने बुद्धी, एकाग्रता आणि वागणूक यांवर परिणाम होतो, तोही बहुधा काही लक्षण न दिसता. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. गरोदरपणात ते पुन्हा रक्तात उतरून बाळापर्यंत पोचू शकते. सुरक्षित म्हणता येईल असे रक्तातील शिशाचे प्रमाण ठाऊक नाही. २०२१ पासून मुलांच्या रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक शिसे आढळले, तर ते इतर मुलांच्या मानाने जास्त समजून कारण शोधतात.

हळदीचीही गोष्ट अशीच. बांगलादेशात हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चोळत असत. २०१९ मध्ये हे उघड झाल्यावर सरकारने कडक कारवाई केली. बाजारातल्या भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण ४७ टक्के होते, ते २०२१ पर्यंत शून्यावर आले. मनावर घेतले तर हे थांबते! तोवर सुटी, अति भडक हळद आणू नये हे बरे.

आता करायचे काय? स्वयंपाक शक्यतो स्टीलच्या किंवा बिडाच्या भांड्यांत करावा. आंबट पदार्थ काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावेत. घरात लहान मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना ही भांडी वापरत असल्याचे स्वतःहून सांगावे आणि रक्ततपासणीबद्दल विचारावे. इथले डॉक्टर हिंडालियमबद्दल आपणहून विचारतीलच असे नाही. तपासणी साधी असते. मुलांच्या जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असावे, म्हणजे शिसे कमी शोषले जाते. आणि एफडीएने नाव घेतलेले भांडे घरी असेल, तर ते दुसऱ्या कोणाला देऊ नये, टाकूनच द्यावे.

आईला हे फोनवर कसे सांगायचे, हा खरा अवघड प्रश्न! तिच्या कढईला नाव ठेवल्यासारखे वाटेल. पण सांगावे जरूर, कारण तशीच दुसरी कढई तिच्या शेगडीवर असेल, आणि रोज त्यातलेच ती स्वतः खात असेल, घरातल्या नातवंडांनाही वाढत असेल.