बिघडवलेल्या यंत्रांचं संगीत

ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीने जपानी बाजारात सीडी प्लेअर आणला. खरखर गेली, सुई अडकायची भानगड संपली, आता आवाज कायम निर्मळ, असा त्यामागचा वायदा होता. न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या यासुनाओ तोने या जपानी संगीतकाराने काही वर्षांतच सीडीच्या चकचकीत बाजूवर सेलोटेप चिकटवली, टेपला बारीक भोकं पाडली आणि ती प्लेअरमध्ये घातली. वाचनातल्या चुका सावरायची सोय प्लेअरमध्ये असते, पण इतका गोंधळ समोर आल्यावर तीही हात टेकते. मग यंत्र अडखळतं, उड्या मारतं आणि मूळ संगीताचा मागमूसही नसलेले आवाज बाहेर फेकतं. १९९७ मध्ये ‘सोलो फॉर वुंडेड सीडी’ या नावाने ते प्रसिद्ध झालं, अर्थात सीडीवरच!

जपानी प्रायोगिक संगीताबद्दल लिहिणारे बहुधा दोन टोकं पकडतात. एक कानठळ्यांचं, दुसरं झेन शांततेचं. झेनचं नाव घेतलं की लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं, एवढंच. मला या सत्तर वर्षांच्या खटाटोपात वेगळाच धागा दिसतो. यंत्र ज्या कामासाठी बनलं ते सोडून भलतंच काम त्याच्याकडून करून घ्यायचं, हा तो धागा.

त्याची सुरुवात युद्धोत्तर तोक्योत झाली. १९५१ मध्ये चित्रकार, कवी आणि संगीतकार मिळून ‘जिक्केन कोबो’ ही प्रयोगशाळा उभी राहिली. तरुण तोरू ताकेमित्सू तिच्यात होता. १९५५ च्या सुमारास एनएचके या सार्वजनिक नभोवाणीत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला आणि तोशिरो मायुझुमीने तिथे निव्वळ साइन वेव्हवर रचना केल्या. साइन वेव्ह म्हणजे उपकरणं तपासायला तंत्रज्ञ वापरतात तो कोरा, निर्विकार सूर. ताकेमित्सूने १९६० मध्ये ‘वॉटर म्युझिक’ केलं, तेही पाण्याच्या थेंबांचे आवाज टेपवर कापून, ताणून. थेंब पडतो, मध्ये भलीमोठी पोकळी, मग कुठून तरी पारंपरिक जपानी नोह नाटकातल्या ढोलासारखा ठोका. थेंबातून हा ठोका काढलाय यावर पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही. पुढे १९६७ च्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’ने, म्हणजे बिवा हे जपानी तंतुवाद्य, शाकुहाची ही बांबूची बासरी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्या रचनेने, ताकेमित्सू जगभर पोचला. ती थोर आहेच, पण तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय.

ऑक्टोबर १९६२ मध्ये जॉन केज हा अमेरिकन प्रायोगिक संगीतकार जपानला आला आणि तिथलं संगीत हादरलं, असं इतिहासात छापलेलं असतं. ‘केज शॉक’ हा शब्दही तिथे रूढ आहे. हादरले असतील ते वाद्यवृंदवाले! त्याआधी दोन वर्षं कोसुगी, शिओमी, मिझुनो ही कला विद्यापीठाची मुलं आणि त्यांचा मित्र तोने (हाच तो सेलोटेपवाला) मिझुनोच्या घरी जमून व्हॅक्यूम क्लीनर, रेडिओ, तेलाचं पिंप आणि जेवणाच्या ताटल्या वाजवत होती. ‘गुरुप ओंगाकू’ हे त्यांच्या गटाचं नाव. सप्टेंबर १९६१ मध्ये त्यांनी सोगेत्सू आर्ट सेंटरमध्ये जाहीर कार्यक्रमही केला. मिएको शिओमीने १९६३ मध्ये ‘बाउंडरी म्युझिक’ लिहिलं. त्यात सुरावट नाही, फक्त सूचना आहे: आवाज जन्मतो की नाही अशा काठावरचा, शक्य तितका क्षीण आवाज काढा.

ताकेहिसा कोसुगीने १९६९ मध्ये ‘ताज महाल ट्रॅव्हलर्स’ हा गट काढला आणि नावाला जागून ही मंडळी खरंच निघाली. १९७१-७२ मध्ये युरोपातून फोक्सवॅगन गाडीने इराणमार्गे थेट आग्र्यापर्यंत. त्यांच्या वादनात ताल नाही, सम नाही. व्हायोलिनचा एक सूर एको मशीनमधून जातो, परततो, त्यावर दुसरा चढतो. लांबलेल्या सुराचा आनंद आपल्याला नवा नाही, त्यामुळे मराठी कानाला हे संगीत वाटतं तितकं परकं नाही.

ऐंशीच्या दशकात ‘नॉइझ’ हा कानठळ्या बसवणारा प्रकार आला. हानाताराश या गटाने १९८५ मध्ये तोक्योच्या एका कार्यक्रमात खोदाईचं यंत्रच आत घातलं. मासामी आकिता ऊर्फ मेर्झबाऊ याने २००० मध्ये ५० सीडींची पेटी काढली. दबदबा मोठा, पण पन्नास सीडी अथपासून इतिपर्यंत कोण ऐकणार? विध्वंसाचं नवल लवकर ओसरतं, असं माझं मत आहे.

खरी कमाल त्यानंतर झाली. २००० ते २००५ या काळात तोक्योच्या योयोगी भागात एका जुन्या, चिंचोळ्या घरात ‘ऑफ साइट’ नावाची जागा चालली. शेजार अगदी भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मोठ्याने वाजवायची सोयच नव्हती. तोशिमारू नाकामुरा तिथे आवाज मिसळायचा मिक्सर घेऊन बसे. मिक्सरला ना गिटार जोडलेली, ना माइक. बाहेर जाणारी वायर फिरवून परत आतच खुपसलेली. यंत्र स्वतःचाच आवाज गिळतं आणि घोंघावू लागतं. मग बटणं केसभर इकडेतिकडे फिरवायची, घोंघावण्याची किणकिण होते, क्वचित सूर सापडतो. साचिको एमने सॅम्पलर या आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्रातले सगळे आवाज काढून टाकले आणि त्यात तपासणीसाठी ठेवलेला साइन वेव्ह तेवढा वाजवला. मायुझुमीचाच तो कोरा सूर. श्रोते मान जराशी वळवायचे आणि तो सूर बदलल्यासारखा व्हायचा. मधूनच रस्त्यावरून कोणी जाई, तेही त्या मैफलीत जमा. एरवी आवाज वाढवण्यात पटाईत असलेला गिटारवादक ओतोमो योशिहिदेही इथे दबक्या आवाजात वाजवून गेला.

ऐकायचं असेल तर ‘वॉटर म्युझिक’पासून सुरू करा, दहा मिनिटांचं काम आहे. मग ‘ताज महाल ट्रॅव्हलर्स’, सावकाश. साचिको एम शेवटी, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको. हेडफोनही काढून ठेवा. खोलीत दोन स्पीकर लावा आणि उठून चार पावलं फिरा.