पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसी इंजिनाची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षे अंगणात उभी असेल, तर बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, मुरू द्यावे, मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. टाकीतले जुने पेट्रोल उपसावे. रबरी नळ्या तर बदलाव्यातच. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. रंगाची घाई नको (सगळ्यांना तीच असते!). आधी मॅट उचलून पत्रा तपासा. गंज तळाशी लपतो आणि खरा खर्च तिथेच होतो.

हौशी मंडळींचा क्लब इथे कामी येतो. सोलेक्स कार्ब्युरेटर अजून कोण नीट लावतो, काचेचे बीडिंग कुठे मिळते, चोरबाजारातला कोणता पार्ट घेण्याजोगा आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. कागदपत्रांतही त्यांची मदत होते. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांची २०२१च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणी करता येते; आधी नोंदलेल्या गाडीला जुनाच क्रमांक ठेवता येतो, नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. मात्र अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच काढायची. रोज ऑफिसला नाही.