डब्यातले लाडू आणि दारातला तरस

"आफ्रिकेत? तंबूत? तेही अनोळखी लोकांबरोबर?" आईचे तीन प्रश्न. बाबांचा एकच, "हं." आणि बॉसचा, "रेंज असेल ना तिथे?"

रेंज नव्हती. म्हणून तर जायचं होतं!

सफारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्याशुभ्र चादरींचं लॉज येतं आणि पाठोपाठ त्याचं बिल. पण खिशाला जरा झेपेल असा दुसराही प्रकार असतो, ग्रुप कॅम्पिंगचा. आठ अनोळखी पाहुणे, एक गाइड, एक स्वयंपाकी, चहूबाजूंनी उघडी लँड क्रूझर आणि मागे सामानाचा ट्रेलर. तंबू आपला आपण उभारायचा, भांडी पाळीपाळीनं घासायची. तुम्ही ऑफिसात व्हीपी असा नाहीतर ट्रेनी, चिखल झाडायचा ब्रश सगळ्यांच्या हातात येतो. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून जोहान्सबर्ग आणि मग छोट्या विमानानं माउन. बोत्स्वानातल्या या गावातून जुलैच्या एका गार सकाळी आम्ही निघालो.

माझी टेंट-पार्टनर होती एक डच शिक्षिका. पन्नाशीची, कमी बोलणारी, तंबूचे खिळे माझ्या दुप्पट वेगानं ठोकणारी. गाइड तिथलाच. बोत्स्वानात पुरुषाला आदरानं 'रा' म्हणतात आणि बाईला 'मा'. त्यामुळे तो आमचा 'रा' आणि आम्ही सगळ्या 'मा'.

पहिल्या दिवशी ओकावांगोच्या पाण्यात मोकोरोतून, म्हणजे लांबट अरुंद होडीतून फिरलो. हा सगळा उलटा कारभार आहे बरं का! पाऊस पडतो वर अंगोलाच्या डोंगराळ भागात. ते पाणी महिनोन्‌महिने रमतगमत इथे पोचतं, तेव्हा इथे ऐन कोरडा हिवाळा असतो. नदी समुद्राला मिळतच नाही, कलहारीच्या वाळूत पसरते आणि संपते. 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं 1000वं स्थळ ठरलं ते हेच. ज्या देशाच्या चलनाचं नाव 'पुला', म्हणजे चक्क 'पाऊस', त्या देशाला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

त्या रात्री शेकोटीशी रानं नियम सांगितले. अंधार पडल्यावर एकट्यानं फिरायचं नाही. तंबूची चेन पूर्ण लावायची. बूट आत घ्यायचे. आणि तंबूत खाण्याची कुठलीही वस्तू ठेवायची नाही. फळ नाही, चॉकलेट नाही, च्युइंगगमसुद्धा नाही. सगळं गाडीत, कुलपात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

माझ्या सॅकच्या तळाशी स्टीलचा डबा होता. आईनं दिलेले बेसनाचे लाडू, मोजून दहा.

आता एक कबुली. मी एका बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे. लोकांना नियम पाळायला लावण्याचाच मी पगार घेते. पण त्या रात्री माझं गणित साधं होतं. झाकण घट्ट आहे, वास कुठे जातोय? शिवाय दिवसभर मक्याच्या घट्ट पिठल्यासारखं पॅप आणि भाजी खाऊन झाल्यावर, काळ्याकुट्ट अंधारात, स्लीपिंग बॅगच्या आत खाल्लेला तो एक लाडू म्हणजे माझं घर होतं. रोज एक. कुणाला कळणार होतं?

मग आम्ही मोरेमीत पोचलो. 1963 मध्ये इथल्या बटवाना लोकांनी स्वतः पुढाकार घेऊन आपल्या जमिनीवर राखलेलं हे अभयारण्य. इथल्या कॅम्पसाइटला कुंपण नसतं. आपण प्राण्यांच्या घरात, मधोमध.

तिसरी रात्र. मला जाग आली ती श्वासाच्या आवाजानं. माझा नव्हता, पार्टनरचाही नव्हता. कापडापलीकडे कुणीतरी हुंगत होतं. हळूहळू, तळापासून वर. मग तंबूचं कापड आत फुगलं आणि माझ्या खांद्याला टेकलं. पार्टनरनं माझं मनगट धरलं. ओरडायचं होतं, पण माझा आवाजच फुटेना. शेवटी तीच मोठ्यानं ओरडली. गाडी सुरू झाली, हेडलाइट लागले, आणि काहीतरी जड पावलांनी झुडपात पळालं. थोड्या वेळानं लांबून ती 'ऊऽऽप' अशी वर चढत जाणारी हाक आली. ठिपक्यांचा तरस.

सकाळी तंबूभोवती ठसे होते. पुढचे पाय मागच्यांपेक्षा मोठे, नखं स्पष्ट उमटलेली. माझ्या डोक्याच्या बाजूला तर त्यांची गर्दीच. रानं शांतपणे विचारलं, आत काय होतं?

मी काही बोलायच्या आत पार्टनर म्हणाली, "माझं क्रीम असेल. त्याला नारळाचा वास आहे. सॉरी, चूक माझी."

आणि मी गप्प बसले.

पूर्ण गेम ड्राइव्हभर गप्प. समोर जिराफ होते, रानकुत्र्यांचा कळप होता, ज्याच्यासाठी लोक वर्षानुवर्षं चकरा मारतात. मला आठवत होती ती माझीच ऑफिसातली मेल: चूक सांगितली तर चूक असते, लपवली तर गुन्हा. समोरच्या सीटवर ती बाई आपलं क्रीम झिपलॉकच्या तीन पिशव्यांत कोंबून बसली होती.

दुपारी कॅम्पवर आल्यावर मी सगळ्यांसमोर डबा आणून टेबलावर ठेवला. सात लाडू उरले होते.

रा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला आणि समजावून सांगू लागला. तरस दुष्ट नाही, हुशार आहे. तंबूत खाऊ असतो हे त्याला एकदा कळलं, की तो पुढचा प्रत्येक तंबू हुंगणार. मग कधीतरी एखाद्याच्या हातापायाला इजा होणार, आणि त्यानंतर बंदुका येणार. लाडूवाला पाहुणा तोपर्यंत विमानानं घरी पोचलेला असतो. मरतो तो तरस.

मला वाटत होतं, नियम माझ्या जिवासाठी आहेत. म्हणजे रिस्क माझी, मर्जी माझी! आपलं ते नेहमीचं 'चालतं गं'. पण ती रिस्क माझ्या एकटीची कधीच नव्हती. शेजारी झोपलेल्या बाईची होती, आणि त्या तरसाची तर सगळ्यात जास्त.

पार्टनर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिचा हक्कच होता. रात्री शेकोटीशी दहा जणांत सात लाडू मोडून वाटले. तिनं आपला तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "एवढ्यासाठी?" मग खाल्ला. मग म्हणाली, "ओके. समजू शकते."

शेवटची रात्र चोबे नॅशनल पार्कमध्ये. बोत्स्वानात सुमारे 1 लाख 30 हजार हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यातला एक मध्यरात्री आमच्या तंबूंमधून गेला. पावलांचा आवाज नाही, फक्त फांदी मोडल्याचा आणि पोटातल्या गुरगुरीचा. आमच्या तंबूत त्याच्या कामाचं काहीच नव्हतं. तो थांबला नाही. मी पहिल्यांदाच निवांत झोपले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "लाडू पुरले का गं?"

"पुरले," म्हटलं, "पण पुढच्या वेळी जास्त दे. सगळ्यांना वाटायला."

जायचं ठरवताय?
• मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. प्राणी पाण्याजवळ येतात, दिसायला सोपे.
• जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. थर्मल, कानटोपी, हातमोजे हवेतच.
• कडक सूटकेस नको, मऊ बॅग न्या. ट्रेलरमध्ये तीच मावते.
• शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा.
• मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.
• घरचा खाऊ जरूर न्या. पहिल्याच दिवशी गाइडच्या हातात द्या!