वकिलाचा रोजनामा

सकाळी ६. केळीला पाणी देणारा चोपड्याचा शेतकरी पहाटेच उठतो. वीज असली तर मोटर लावतो, नसली तर वकिलाला फोन.

८. ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. लासूरकडून पहिल्या एसटीने आलेले आप्पा ओट्यावर बसलेले. बांधाचा दावा. भांडण दोन हात जमिनीचं, पण सातबारा, मोजणीचा नकाशा, वडिलांच्या वेळच्या पावत्या असं सगळं एका पिशवीत घेऊनच ते येतात. "आज हुई ना काम, दादा?" मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ही विद्या कॉलेजात शिकवत नाहीत.

१०.४५. बोर्ड पाहिला, नंबर सतरावा. एप्रिल, खानदेश आणि काळा कोट. पुढचं सांगायला नको.

११ ते २. पुकाऱ्याची वाट. बाररूममध्ये सध्या मी दादासाहेब खापर्ड्यांची शिर्डीची डायरी वाचतोय. जन्म १८५४चा. वऱ्हाडातली सरकारी नोकरी सोडून त्यांनी अमरावतीत वकिली मांडली आणि ती अशी चालली की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणू लागले. १८९७च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा हे चालती वकिली टाकून अपिलासाठी लंडनला गेले. दोन वर्षं तिथे काढली आणि १९१०मध्ये रिकाम्या हातांनी परतले. मला एका तारखेला गैरहजर राहायचं तर चौघांना फोन करावे लागतात!

पण मला जवळचे वाटतात ते शिर्डीतले खापर्डे. डिसेंबर १९११मध्ये गेले, ते मार्च उजाडेपर्यंत साईबाबांनी जाऊच दिलं नाही. काकड आरती, मशीद, दीक्षित वाड्यातलं वाचन, रात्री शेज आरती. आणि अधूनमधून तोच प्रश्न, आज अमरावतीला जायची परवानगी मिळेल का? भलेभले साक्षीदार उलटतपासात गारद करणारा माणूस तिथे आप्पांसारखा बसून असतो.

२. डबा. माझी पोळी तशीच राहिली, कारण आप्पांनी कळण्याची भाकर आणि ठेचा पुढे केला.

२.४५. पुकारा झाला. समोरच्या वकिलांचा मुदत अर्ज. मी 'हरकत आहे' लिहून सही केली. अर्ज दोनशे रुपये खर्चावर मंजूर. आप्पा जेमतेम मिनिटभर उभे राहिले असतील. "म्हणजे जिंकलो का आपण?" त्यांनी बाहेर विचारलं. दोनशे रुपये आपल्याला मिळणार, एवढंच मी सांगितलं.

५.३०. एक वकालतनामा, दोन नोटिसा.

८. उद्याच्या उलटतपासाची तयारी. वीज गेली, मोबाइलच्या उजेडात कैफियत वाचली.

९.४०. खापर्डे वर्षानुवर्षं रोज डायरी लिहीत, तीही इंग्रजीत. माझी वकिलाची डायरी चार ओळींत संपते: बांधाचा दावा. वादी हजर. मुदत अर्ज मंजूर. पुढील तारीख १८ जून.