बसलेल्या माणसाची विजार



गेल्या वर्षी आमच्या बचत गटाला घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका संस्थेकडून वीस विजारींचे काम मिळाले. आम्ही नेहमीच्या पँटसारख्या शिवून दिल्या. पंधरा दिवसांत अकरा परत आल्या. काही आसनात उसवल्या, काही गुडघ्याशी विरल्या. दोन मुलांच्या गुडघ्यांना आतून शिवण घासून फोड आले. कापडाचा खर्च गटाच्या अंगावर पडला. चूक आमचीच होती. माप उभ्या माणसाचे घेतले, आणि घोड्यावर माणूस बसलेला असतो.

मग जुन्या इंग्रजी पद्धतीची स्वारीची विजार, म्हणजे ब्रीचेस, कशी बेतत ते आम्ही समजून घेतले. तेव्हा ताणणारे कापड नव्हते. जाड लोकरी ट्विल किंवा कॉर्डरॉय वापरत. म्हणून मांडीला भरपूर घेर ठेवत, बसताना तो कामी येई. गुडघ्याखाली मात्र विजार घट्ट, म्हणजे बुटात चुणी पडत नाही. तिथली बटणे किंवा नाडी नडगीजवळ पुढे घेत, कारण आतल्या बाजूला ती घोड्याच्या अंगाला रुतली असती. जिथे पाय खोगिराला घासतो, तिथे गुडघ्याच्या आत चामड्याचा किंवा त्याच कापडाचा दुसरा थर लावत.

यात आपल्या देशाचाही वाटा आहे. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाला जोधपूरचे सर प्रताप सिंग इंग्लंडला गेले. ते पोलोचे नामांकित खेळाडू. त्यांच्यामुळे मांडीला सैल आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत चुडीदारासारखी घट्ट अशी विजार तिकडे रुजली. आपल्याकडे जोधपुरी म्हटले की लग्नातला कोट आठवतो, इंग्रजीत मात्र जोधपूर म्हणजे विजार! पायाला गुंडाळायच्या पट्टीलाही इंग्रजांनी आपलाच शब्द घेतला, ‘पटी’.

तिथल्या शेतमजुरांची युक्तीही साधी होती. ते विजारीवरून गुडघ्याखाली चामड्याचा पट्टा किंवा सुतळी बांधत. त्यामुळे कापड थोडे वर ओढले जाई, वाकताना गुडघ्यावर ताण येत नसे आणि काठ चिखलात लोळत नसे. लावणीला उतरताना आपण साडी वर खोचतो, तेच.

अंगात ते स्मॉक घालत. त्याचे बहुतेक भाग सरळ चौकोनी, म्हणून कापड वाया जात नसे. हात उचलता यावा म्हणून काखेत वेगळा चौकोनी तुकडा. छातीवर आणि मनगटाशी बारीक चुण्या घालून त्यांवर टाके घेत, म्हणजे इलॅस्टिक नसतानाही कापड ताणले जाई. झबल्यावर आपण जे स्मॉकिंग करतो त्याला याच अंगरख्याचे नाव आहे.

आता आम्ही माप घेताना माणसाला स्टुलावर बसवतो. कमरेपासून मागून आसनापर्यंत आणि वाकवलेल्या गुडघ्यावरून टेप फिरवतो. आसनाला दुहेरी शिवण घालतो. गुडघ्याच्या थराची कड दाबाच्या जागेपासून दूर ठेवतो. त्या अकरा विजारी आम्ही पदरमोड करून नव्याने शिवून दिल्या. अजून एकही परत आलेली नाही.

स्कूटरवर बसणाऱ्या, भात लावणाऱ्या बाईची सलवार शिवायची असेल, तरी आधी तिला बसवा, मगच टेप हातात घ्या.