योगवर्ग पडद्यावर, कान शिक्षकाकडे

‘योग शिकायला समोर शिक्षक हवा, मोबाइलवर काय कळणार?’ असं बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत अजूनही ऐकू येतं. याच्या अगदी उलट मतही तितकंच पक्कं असतं: व्हिडिओ लावला, तसं करत गेलं, झाला योग. दोन्ही मतांमध्ये एक गोष्ट सुटते. शिक्षकाला आपण दिसतो का आणि त्याचं बोलणं आपल्याला कळतं का, यावर सगळं ठरतं.

यासंदर्भात बेळगावचीच एक जुनी हकिगत आठवते. १९३६ साली योगगुरू टी. कृष्णमाचार्य शिष्यांसह उत्तर कर्नाटकात योगाची प्रात्यक्षिकं दाखवत फिरले. त्यांत विशीही न गाठलेले बी. के. एस. अय्यंगार होते. बेळगावात सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. व्ही. बी. गोखले यांच्यावर त्या प्रात्यक्षिकाचा मोठा प्रभाव पडला. पुढे गोखले पुण्यात स्थायिक झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९३७ साली अय्यंगारांना डेक्कन जिमखान्यावर शिकवायला बोलावलं गेलं, तेही फक्त सहा महिन्यांसाठी. अय्यंगार मग पुण्याचेच झाले. आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं. तरीही शिकवता आलं, कारण विद्यार्थी समोर होता. त्याला हात लावून चूक दुरुस्त करता येत होती.

ऑनलाइन वर्गात तो हात नसतो. त्याचं काम शब्दांना करावं लागतं. म्हणून ‘भाषा कुठलीही चालेल, बघून कळतंच की’ हा समज मला सर्वांत जास्त नुकसान करणारा वाटतो. अधोमुख श्वानासनात आपली नजर पायांकडे असते, पडदा दिसतच नाही. तो बघायला मान वर केली की मानेवर ताण येतो आणि आसनही मोडतं. आपल्या सीमाभागात घरी मराठी, कचेरीत कानडी, टीव्हीवर हिंदी असं सहज चालतं. पण ‘डावी मांडी आत वळवा’ हे ऐकताक्षणी शरीरानं करायचं, तर ज्या भाषेत विचार करावा लागत नाही, तीच भाषा हवी. ती कुणाची मराठी असेल, कुणाची कानडी. पुण्या-नाशिकचा मराठी वर्ग आता खानापुरातूनही करता येतो, हा ऑनलाइनचा खरा फायदा आहे.

‘कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं’ हाही असाच एक समज. कॅमेरा बंद म्हणजे शिक्षकाचे डोळे बंद. एकत्र कुटुंबातल्या बायकांना संकोच वाटतो, हे खरं आहे आणि तो समजून घ्यायला हवा. काही ॲपमध्ये सगळे फक्त शिक्षकालाच दिसतील अशी सोय असते. ती मागून घ्यावी. फोन आडवा, थोडा लांब ठेवावा. उभं राहून हात वर केले तरी बोटांपासून पावलांपर्यंत आपण दिसलो पाहिजे. खिडकी पाठीमागे नको, नाहीतर नुसती सावली दिसते.

महागड्या साहित्याचं फार मनावर घेऊ नये. अय्यंगारांनीच पट्टे, विटा, खुर्च्या वापरून आसनं सोपी केली. पट्ट्याऐवजी ओढणी चालते, विटेऐवजी जाड पुस्तकं. मात्र गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकून उभ्यानं आसनं करू नयेत, ती सरकते.

‘सगळ्यांना एकच क्रम लागू’ हे तर अजिबात खरं नाही. निपाणी परिसरात मांडीवर सूप घेऊन, वाकून विड्या वळणारी बाई दिवसभर पुढेच झुकलेली असते. तिला आणखी पुढे वाकवण्याआधी पाठ आणि खांदे मोकळे करायला हवेत. हे शिक्षकाला पडद्यावरून आपोआप कळत नाही. आपलं काम, दुखणं, औषधं पहिल्या वर्गाआधीच सांगावी लागतात. शीर्षासनात डोळ्यांतला दाब बराच वाढतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी ते टाळावं. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल, तर व्हिडिओ बघून कपालभाती सुरू करू नये.

आणि वर्ग चालू असताना नेट गेलं, तर फोनकडे धावू नये. आधी आसन सावकाश सोडावं, दोन-चार श्वास घ्यावेत, मग पुन्हा जोडून घ्यावं.