अचंत शरथ कमल : व्यावसायिक टेबल टेनिसपटूची कारकीर्द

टेबल टेनिस हा तरुणांच्या चपळतेचा खेळ मानला जातो. शरथ कमल यांची कारकीर्द या समजुतीस छेद देते. राष्ट्रकुल स्पर्धेतील एकेरीचे सुवर्णपदक त्यांनी मेलबर्न येथे २००६ मध्ये मिळविले आणि बर्मिंगहॅम येथे २०२२ मध्ये, चाळिशी गाठल्यावर, पुन्हा जिंकले. दरम्यान खेळच पालटला होता. २००८ मध्ये द्रावकयुक्त गोंदावर बंदी आली. २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचा चेंडू आला व फिरकी मंदावली. जोरकस फोरहँडवर भिस्त असणाऱ्यांस ही हानी थोडी नव्हे. तरीही जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील त्यांची दोन कांस्यपदके याच नव्या चेंडूवरची होत. विक्रमी दहा राष्ट्रीय विजेतेपदांनी कीर्ती लाभली. चरितार्थास मात्र इंडियन ऑइलची नोकरी व जर्मन बुंडेसलीगा यांचा आधार होता. मार्च २०२५ मध्ये चेन्नई येथे ते निवृत्त झाले.